मिसरीची डबी

लग्नाच्या सीझनमध्ये माझ्या गळ्यात
दीड किलोचा डीएसएलआर असतो,
वर फ्लॅश, खाली बॅटरी.
हडपसरच्या लॉन्सवर त्याला मान आहे.
त्याला बघून नवऱ्याचे मामा पोट आत घेतात,
करवल्या आपोआप ओळीत उभ्या राहतात.

पण रविवारी सकाळी तोच मंडईत नेला
की अख्खी गल्ली लग्नघर होते.
लिंबूवाला केसांवरून हात फिरवतो,
कोणीतरी विचारतंच, कोणत्या पेपरातून?
आणि बटण दाबलं की आतला आरसा असा आपटतो, खटॅक,
की पोत्यांवरची मांजरसुद्धा मान वळवते.

तेवढंही चाललं असतं.
पण आरसा उचलला जातो तेव्हा
माझ्या डोळ्यापुढे अंधार येतो.
पापणीच्या पावपट वेळ. तरी अंधारच.
म्हणजे जो क्षण माझा म्हणून मी घरी आणते
तो सोडून बाकीचे सगळे मी पाहिलेले असतात.

रास्ता पेठेतल्या नागावकरांना हे सांगितलं.
मोझेस नागावकर, वय एक्क्याऐंशी,
जिन्याखाली दुकान, दुकानात एक स्टूल, तेही त्यांचंच.
ते हसले नाहीत.
तिळाएवढे स्क्रू बशीत ढकलून
फडताळातून एक रेंजफाइंडर काढला,
कोपऱ्यांवरचा काळा रंग झिजून पितळ दिसणारा.
"ह्यात आरसाच नाही," म्हणाले.
"नुसती खिडकी आहे, भिंगाच्या शेजारी.
भिंग त्याचं बघेल. तू तुझं बघ."

खिडकीत दोन चित्रं दिसतात, एक पुसट, एक ठळक.
कडी फिरवत राहायचं,
टेलर अस्तरावर कापड बसवतो तसं
एकावर एक बसेपर्यंत.
आणि चौकटीच्या बाहेरचंही दिसतं:
कुणाची सायकल आत्ता आत शिरणार,
कोण निघालंय आणि आपल्याला मिळणार नाही.
डीएसएलआरमध्ये हे दुःख नव्हतं.
तिथं चौकटीबाहेर जगच नव्हतं.

पहिल्यांदा तांबट आळीत गेले.
घंगाळाच्या बुडावर ठोके पडत होते,
त्यात ह्याचा आवाज मलाच सापडेना.
दोन हातांवरून एका माणसाचा हात काढला,
हातोडा सगळ्यात वर असताना.
अंधार आला नाही.
तो खाली येतानाही मी पाहिला.
त्या दिवशी दोन बस सोडून दिल्या, घरी चालत आले.

फुकट गेलेलंही सांगते.
जुन्या बाजारात एक पूर्ण रोल, छत्तीसच्या छत्तीस,
भिंगावरचं झाकण न काढताच.
खिडकी उघडीच असते ना, कळत नाही.
नागावकरांनी निगेटिव्ह उजेडात धरली,
काचेसारखी स्वच्छ.
"सगळ्यांचं होतं एकदा," म्हणाले, आणि पैसे घेतले.
त्यातला अकरावा मला अजून दिसतो:
गंजक्या कुलपांच्या ढिगामागे झोपलेला पोरगा,
मुठीत एकच किल्ली.

मंडईतल्या कौसाबाई डोंगरे, लसूणवाल्या,
महिनाभर काही बोलल्या नाहीत.
मग एका रविवारी मान वर न करता:
"ती मिसरीची डबी सारखी डोळ्याला काय लावतीस गं?"
कॅमेरा आहे, म्हटलं.
"ह्यो? आन् त्यात आमचे फोटू काढतीस?"
हो म्हटलं. खोटं कशाला.
त्यांनी एक गड्डी फोडली, पाकळ्या मोजल्यासारख्या केल्या.
"म्होटा आनायचीस तवा
पदर सारखा कराया टाइम तरी मिळायचा."

काय बोलणार.
मी डबी खाली केली. त्यांनी पदर सारखा केला,
डोक्यावरून, मग कानामागून, मग परत डोक्यावरून.
"हं. काढ."
खिडकीत दोन कौसाबाई होत्या.
पुसट होती ती हळूहळू सरकत
ठळक होती तिच्यात जाऊन बसली.
लसणाची सालं उडत होती.
मी बटण दाबलं.

"काढलास का?" त्यांनी विचारलं,
तशाच ताठ बसून.
आणि थोड्या वेळानं पुन्हा,
"काढलास का गं?"